इंजिनाचा ताप आणि तबकडीचा काटा

साखळी आणि केरी मागे टाकून एक जुनी जीप चोर्ल्याचा घाट चढू लागली आहे, असे समजा. गाडीत पाच माणसे आहेत, टपावर सामान आहे आणि डोक्यावर एप्रिलचे ऊन आहे. निम्मा घाट चढून होतो न होतो तोच चालकापुढच्या तबकडीतला उष्णतेचा काटा एकाएकी लाल पट्ट्यात जाऊन टेकतो. आता चालकाने काय करावे? गाडी थांबवावी तर बेळगाव अद्याप दूर, सोबत मुलेमाणसे, आणि कदाचित थांबण्याचे काही कारणच नसावे. न थांबवावी आणि काटा खरे सांगत असला, तर थोड्याच वेळात इंजिनाचे हेड वाकेल, गॅस्केट जळेल आणि अर्ध्या तासाच्या सुटकेसाठी इंजिन खोलण्याचा खर्च पदरात पडेल.

या एका प्रसंगात सगळा प्रश्न सामावलेला आहे. काटा हा साक्षीदार आहे. साक्षीदार खरे बोलतो किंवा खोटे बोलतो. पण त्याच्या नुसत्या चेहऱ्यावरून ते ओळखता येत नाही. त्याची उलटतपासणी घ्यावी लागते, आणि ती घेण्याची रीत ठाऊक असली तर महागड्या यंत्रांवाचूनही बरेचसे सत्य हाती लागते.

काट्याची साक्ष तपासण्यापूर्वी तो कशाविषयी बोलतो हे पाहिले पाहिजे. इंजिनात जळणाऱ्या इंधनातील साधारण एकतृतीयांश शक्तीचेच उपयोगी काम होते. उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, काही धुराबरोबर आणि काही इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याबरोबर. या पाण्यात गोठू नये व गंजू नये म्हणून औषध मिसळलेले असते. त्यालाच गॅरेजात कूलंट म्हणतात. पंप ते फिरवतो, रेडिएटर ते निववतो आणि थर्मोस्टॅट नावाची झडप त्याच्या वाटेवर पहारा करते. कूलंट साधारण ८२ ते ९२ अंश सेल्सियसपर्यंत तापले की ही झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे काम करते. आत सुमारे एका वातावरणाइतका जादा दाब राहिला, म्हणजे पाणी १०० अंशांऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. म्हणूनच १०० ते १०५ अंशांपर्यंत गेलेले इंजिनही पुष्कळदा सुखरूप असते. आणि म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे हे शिट्टी न झालेल्या कुकरचे झाकण उपटण्याइतकेच घातक असते.

ही उष्णता चालकाला दिसावी म्हणून झालेल्या प्रयत्नांचा इतिहास लहान पण बोधप्रद आहे. अमेरिकेत हॅरिसन बॉइस याने १९१२ साली पेटंट घेतलेला ‘मोटोमीटर’ रेडिएटरच्या झाकणावरच बसे. चालकाने आपल्या जागेवरून काचेपलीकडे पाहिले की त्यातील लाल रेघ दिसे. पुढे उष्णतेचा काटा चालकासमोर तबकडीत आला. त्या पहिल्या जातीच्या यंत्रात इंजिनाकडे एक लहानशी कुपी असे, तीत लवकर वाफ होणारा द्रव असे आणि त्या वाफेचा दाब केसासारख्या बारीक नळीतून तबकडीपर्यंत येई. तबकडीमागची चपटी, वाकवलेली नळी दाबाने उलगडू पाही आणि काटा हले. ही वाकडी नळी फ्रान्समधील यूजीन बूर्दों याने १८४९ साली शोधलेली. जुन्या जीपगाड्यांत आणि ट्रॅक्टरांत असे मीटर पुष्कळांनी पाहिलेले असतात. यांत विजेचा संबंध नाही. नळी चिरली की वाफ निघून जाते आणि काटा थंड बाजूला कायमचा निजतो. तेथे वायरी तपासत बसणे व्यर्थ होय.

त्यानंतर विजेचा काटा आला, आणि त्याबरोबर ‘थर्मिस्टर’ आला. काही पदार्थ असे असतात की ते तापले म्हणजे विजेला होणारा त्यांचा विरोध वाढण्याऐवजी कमी होतो. मायकेल फॅरडे याला १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये हा गुण आढळला होता. मोटारीच्या सेन्सरमधील इवलासा मणी याच गुणावर चालतो. प्रचलित गाड्यांतील एका नेहमीच्या जातीच्या सेन्सरचा विरोध २० अंशांवर सुमारे २,५०० ओम असतो, ८० अंशांवर तो ३०० च्या जवळपास उतरतो आणि १०० अंशांवर २०० च्याही खाली जातो. थंडीत विरोध मोठा, उष्णतेत विरोध लहान, एवढे सूत्र ध्यानात ठेवले तरी पुढील सर्व परीक्षा समजतात.

येथे दोन जाती वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. जुन्या गाड्यांतील सेन्सरला एकच वायर असते. परतीचा मार्ग सेन्सरच्या पितळी अंगातून, आट्यांवाटे, इंजिनाच्या धातूतूनच असतो. तो थेट तबकडीचा काटा हलवतो. नव्या गाड्यांतील सेन्सरला बहुधा दोन वायरी असतात आणि तो आपली माहिती इंजिनाच्या संगणकाला देतो. मग संगणक त्या माहितीवरून इंधन किती सोडायचे, पंखा केव्हा फिरवायचा आणि काटा कोठे ठेवायचा हे ठरवतो. काही गाड्यांत हे दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी बसलेले असतात. अशा वेळी काट्याचा सेन्सर बिघडला म्हणून संगणकाचा सेन्सर बदलणारा मिस्तरी चोर सोडून संन्याशाला फाशी देतो.

नव्या गाडीच्या काट्याविषयी आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. पुष्कळ गाड्यांत हा काटा मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की १०० वर, काटा मधोमध उभा राहतो. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून ही योजना केलेली आहे. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की असा काटा मधली जागा सोडून वर सरकू लागला, तर प्रकरण आधीच पुष्कळ पुढे गेलेले असते. काही गाड्यांत तर काटाच उरलेला नाही. थंड इंजिनासाठी निळा आणि तापलेल्या इंजिनासाठी लाल, असे दोन दिवे तेवढे असतात.

आता उलटतपासणी. पहिला प्रश्न काळाचा आहे. चुलीवरचे आधण एका क्षणात उकळत नाही. इंजिनातील पाच-सहा लिटर पाणीही एका क्षणात तापत नाही आणि एका क्षणात थंडही होत नाही. म्हणून काटा काही मिनिटांत हळूहळू चढत गेला, तर तो बहुधा खरे सांगत आहे असे धरावे. तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेला, खड्ड्यातून जाताना उडाला, किंवा पुढचे दिवे लावताच हलला, तर संशय वायरीवर, जोडावर किंवा अर्थिंगवर घ्यावा. इंधनाचा आणि उष्णतेचा असे दोन्ही काटे एकाच वेळी भरकटले, तर दोन सेन्सर एकदम बिघडले असे मानण्यापेक्षा दोघांना वीज पुरवणारा समाईक भाग बिघडला असे मानणे अधिक सयुक्तिक होय. जुन्या गाड्यांत तबकडीमागे विजेचा दाब स्थिर राखणारी एक लहान डबी असते. तीच पुष्कळदा अपराधी ठरते.

दुसरा प्रश्न सकाळचा आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन भोवतालच्या हवेइतकेच थंड असते. त्या वेळी इंजिन सुरू न करता फक्त किल्ली फिरवावी. काटा वर गेला, तर तो निःसंशय खोटा आहे. अलीकडच्या गाडीत स्कॅनर जोडून पाहिल्यास कूलंटचे तपमान आणि आत येणाऱ्या हवेचे तपमान असे दोन आकडे दिसतात. थंड इंजिनात ते जवळजवळ सारखे असले पाहिजेत. हवा २६ अंश आणि कूलंट ६० अंश असे दिसले, तर दोघांपैकी एकजण खोटे बोलत आहे, आणि कोण ते अंगणातला साधा तपमापक सांगू शकतो.

तिसरा प्रश्न पाण्याचा आहे आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. सेन्सरचे टोक कूलंटमध्ये बुडालेले असेल तोवरच तो खरे सांगू शकतो. कूलंट गळून गेले आणि टोक उघडे पडले, तर भोवती हवा नाही तर वाफच राहते. अशा वेळी इंजिन भाजून निघत असतानाही काटा खाली येऊ शकतो. घाटात वर चढणारा काटा एकाएकी थंडीकडे वळला आणि हीटर लावूनही गार हवा येऊ लागली, तर ‘बरे झाले, गाडी निवली’ असे समजणारा चालक सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. म्हणून कोणतीही विजेची परीक्षा करण्यापूर्वी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटची पातळी पाहावी. पाणी वारंवार कमी होत असेल, पाण्यात बुडबुडे येत असतील, तर दोष सेन्सरचा नसून गळतीचा किंवा हेड गॅस्केटचा असण्याचा संभव मोठा आहे. काटा नव्हे, इंजिनच आजारी आहे.

चौथा प्रश्न थर्मोस्टॅटचा आहे. शहरातील गर्दीत काटा ठीक राहतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात जाताना खाली घसरतो, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. येथे सेन्सरला दोष देणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी नेण्यासारखे आहे. थर्मोस्टॅट उघडा अडकला की समोरच्या वाऱ्याने पाणी खरोखरच अति थंड होते आणि काटा तेच सांगतो. परीक्षा सोपी आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरकडे जाणारी नळी काही मिनिटे थंडच राहून मग एकदम तापली पाहिजे. ती पहिल्यापासूनच कोमट होत गेली, तर झडप बंद होत नाही असे समजावे.

एवढे झाल्यावर संशय सेन्सर, वायर आणि तबकडी या तिघांपुरता उरतो. आता त्यांना वेगवेगळे करावयाचे. जुन्या, एका वायरीच्या गाडीत किल्ली चालू ठेवून सेन्सरवरची वायर काढावी. काटा थंड टोकाला जाईल. मग ती वायर क्षणभर, केवळ एक-दोन सेकंद, इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवावी. काटा उष्ण टोकाकडे निघाला पाहिजे. काटा असा दोन्हीकडे गेला, तर तबकडी आणि वायर निर्दोष ठरतात आणि अपराध सेन्सरकडे येतो. काटा हललाच नाही, तर फ्यूज, वायर किंवा तबकडी यांत दोष शोधावा. वायर अधिक वेळ टेकवून ठेवू नये; तबकडीतील नाजूक गुंडाळी जळू शकते. काही थोड्या गाड्यांत काट्याची दिशा उलट असते, म्हणून गाडीचे पुस्तक आधी पाहणे बरे.

नव्या, दोन वायरींच्या सेन्सरमध्ये हीच युक्ती स्कॅनरच्या साहाय्याने वापरतात. संगणक सेन्सरकडे ५ व्होल्टचा दाब एका ठरावीक विरोधातून पाठवतो आणि त्यातील किती दाब शिल्लक राहिला ते मोजतो. जोड काढून टाकला की मार्ग तुटतो, दाब ५ व्होल्टच राहतो आणि स्कॅनरवर उणे ४० अंश असे अशक्य थंड तपमान दिसते. काढलेल्या जोडाच्या दोन टोकांना लहान तारेने एकत्र केले की दाब शून्याजवळ येतो आणि १२० अंशांहूनही अधिक असे जाळणारे तपमान दिसते. दोन्ही वेळी असे घडले, तर वायरी आणि संगणक निर्दोष आहेत. मात्र हातात घेतलेला जोड याच सेन्सरचा आहे याची पक्की खात्री झाल्यावाचून तार लावू नये.

संगणक नोंदवून ठेवत असलेल्या दोषांच्या सांकेतिक आकड्यांचेही तारतम्य ठेवावे. पी ०११८ म्हणजे दाब फार जास्त, अर्थात मार्ग तुटलेला. पी ०११७ म्हणजे दाब फार कमी, अर्थात वायर कोठेतरी धातूला चिकटलेली. पी ०१२८ म्हणजे इंजिन वेळेत पुरेसे तापत नाही, अर्थात बहुधा थर्मोस्टॅट. यांतील एकही आकडा ‘सेन्सर बदला’ असे म्हणत नाही. तो फक्त कोठे पाहावे ते सांगतो. जोडात हिरवा गंज साचला असेल, पाणी शिरले असेल, वायरीचे आवरण घासून गेले असेल, तर नवा सेन्सर घालूनही आजार तसाच राहतो.

सेन्सर काढला असेल तर त्याची शेवटची परीक्षा स्वयंपाकघरातील पातेल्यातही होते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात सेन्सरचे टोक आणि एक तपमापक असे टांगावे की दोन्ही बुडाला टेकणार नाहीत. मल्टिमीटरच्या दोन तारा सेन्सरला जोडाव्या आणि पाणी हळूहळू तापवावे. विरोधाचा आकडा एकसारखा, झटका न घेता खाली येत गेला पाहिजे आणि तो निर्मात्याने दिलेल्या कोष्टकाशी जुळला पाहिजे. मध्येच आकडा तुटला किंवा उडाला, तर आत भेग आहे. येथे एक बारीक गोष्ट विसरू नये. पणजीत पाणी १०० अंशांवर उकळते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने तेथे ते ९८ अंशांच्या आसपास, तर सुमारे ७५० मीटर उंचीच्या बेळगावात साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळते. उकळते पाणी म्हणजे १०० अंश असे धरून बेळगावचा मिस्तरी चांगल्या सेन्सरला नापास करू शकतो.

नवा सेन्सर बसवताना इंजिन थंड असावे. दोन सेन्सरांचे आटे सारखे असले तरी त्यांचे कोष्टक सारखे असतेच असे नाही; म्हणून आकार जुळतो एवढ्यावरून दुकानातला कोणताही सेन्सर घेऊ नये, नाही तर काटा जन्मभर चुकीचे सांगत राहील. एका वायरीच्या सेन्सरच्या आट्यांवर गळती थांबवण्याची पट्टी जाड गुंडाळली, तर परतीचा मार्गच अडतो. शेवटी कूलंट भरून आत कोंडलेली हवा काढून टाकावी.

इतकी दगदग कशासाठी, असे कोणी विचारील. काटा बिघडला तर बिघडला, गाडी तर चालते! परंतु नव्या गाडीत बिघडलेला सेन्सर केवळ काट्याला फसवत नाही, तो संगणकालाही फसवतो. इंजिन थंडच आहे असे समजून संगणक जादा इंधन ओतत राहतो. धूर काळा होतो आणि टाकी लवकर रिकामी होते. उलट इंजिन तापलेले आहे असे समजला, तर थंडीतल्या सकाळी पुरेसे इंधन मिळत नाही आणि गाडी सुरू होता होत नाही. याहूनही मोठा तोटा मनाचा आहे. काटा खोटा आहे हे ठाऊक झाल्यावर चालक त्याच्याकडे पाहणेच सोडतो. ‘लांडगा आला रे आला’ असे ओरडणाऱ्या पोरासारखी त्या काट्याची गत होते; आणि ज्या दिवशी पंप खरोखरच गळतो त्या दिवशी त्याची हाक कोणी ऐकत नाही. खोट्या काट्याने इंजिन जळत नाही. खोट्या काट्याची सवय झाल्याने जळते.

आता घाटातील त्या चालकाकडे परत वळता येईल. त्याने करावयाचे ते एकच आहे: रस्त्यात काट्यावर विश्वास ठेवावा, संशय गॅरेजात घ्यावा. गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, कारण धातू तडकतो. अर्धा तास वाट पाहावी आणि त्या वेळात डोळे, नाक आणि कान यांचा उपयोग करावा. वाफ दिसते काय? कूलंटचा गोडसर उग्र वास येतो काय? खाली पाणी ठिबकते काय?

समजा, यांतले काहीच आढळले नाही. अर्ध्या तासानंतर बाहेरच्या टाकीतील पातळीही बरोबर दिसली. मग चालकाने इंजिन सुरू न करता किल्ली फिरवली, आणि अर्धा तास निवलेल्या इंजिनावर काटा पुन्हा एका क्षणात लाल पट्ट्याला जाऊन चिकटला. साक्षीदार पकडला गेला. बॉनेट उघडून पाहता सेन्सरची वायर एका पत्र्यावर घासून उघडी पडलेली आणि इंजिनाला टेकलेली आढळते. किल्ली बंद करून वायर सोडवली, तिला चिकटपट्टी गुंडाळली, की काटा आपल्या जागी येतो. खर्च चार बोटे चिकटपट्टीचा आणि अर्ध्या तासाचा.

तो अर्धा तास फुकट गेला असे मात्र कोणी म्हणू नये. त्याच घाटात, त्याच वळणावर, काटा खरे बोलत असता तर त्याच अर्ध्या तासाने इंजिन वाचवले असते. थांबलेल्या चालकाचे दोन्ही परींनी थोडेच जाते; न थांबलेल्याचे एका परीने सर्वस्व जाऊ शकते.